आईने लिहिलेले चौक आणि संग्रहालयाची भिंत

गेल्या आठवड्यात आईच्या खात्यात इन्कम टॅक्सचा रिफंड जमा झाला आणि संग्रहालयाबाहेर तिने केलेल्या वारली चित्राच्या कामाचं शेवटचं येणं मिटलं. त्या कामासाठी अर्जाचा फॉर्म भरल्यापासून तेरा महिने. मधल्या काळात आमच्या डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या तीन-चार मुलींनी फोन करून विचारलं की तुम्ही नेमकं केलं काय, कागद कुठले लागले, पैसे किती मिळाले, तिथली माणसं कशी वागली. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यात सांगितलंय, आता एकदा सलग लिहिते. संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मुंबईतलं एक जुनं मोठं संग्रहालय एवढं पुरे.

आम्ही वारली. पाडा डहाणू तालुक्यात, स्टेशनपासून जीपने तासभर. आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर चौक, म्हंजे चौकोनी चित्र, असतं, आत पालघट देवी, बाजूला देवचौक, आणि तो आमच्याकडे काढला असं म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात. लिहायचा सवाशिणींनी. धवलेरी, म्हंजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते आणि बायका तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून लिहीत असतात. आई तिच्या मावशीकडून शिकली आणि वीस-बावीस वर्षं गावोगावच्या लग्नांत चौक लिहीत होती. २०२० मध्ये वडील गेले आणि तिला कोणी बोलवेना. कोणी वाईट बोललं असं नाही, रीतच तशी आहे. पण तिचा हात थांबला तो थांबलाच, घरच्या भिंतीवरसुद्धा ती काही लिहीत नव्हती, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी पालघरला एका ऑफिसात डेटा एन्ट्री करते. १२ जुलै २०२३ ला एका मैत्रिणीने इन्स्टावरची पोस्ट पाठवली, की संग्रहालयाच्या बाहेरच्या बाजूला, फुटपाथवरून दिसेल असं मोठं चित्र करायचंय आणि ज्या समाजातले कलाकार आजवर आत आले नाहीत त्यांनी अर्ज करावेत. शेवटची तारीख ३१ जुलै. मी कॉलेजला असताना २०१७ मध्ये ससून डॉकच्या जुन्या गोदामांमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं ते बघायला गेले होते, मासळीच्या वासात, कोळणींच्या टोपल्या चुकवत लोक चित्रं बघत होते आणि कोणी कोणाला तिकीट विचारत नव्हतं. ते डोक्यात राहिलं होतं. म्हणून पोस्ट वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यासाठी असू शकतं.

फॉर्म उघडला आणि हातपाय गळाले. कामाचे दहा फोटो, बायोडेटा, भरवलेल्या प्रदर्शनांची यादी, कलाशिक्षण कुठे झालं तो रकाना, आणि तीनशे शब्दांत इंग्रजीत स्वतःच्या कलेबद्दल निवेदन. आईचं काम असं की लग्न झालं, पाऊस झाला, पुढच्या वर्षी भिंत पुन्हा शेणागेरूने सारवली की संपलं. फोटो कोण काढणार. मग सुचलं की लग्नाचे अल्बम असतील ना. दोन रविवार भर पावसात घरोघर फिरले, भातलावणीचे दिवस, घरात म्हाताऱ्या आणि पोरं तेवढी, त्यांच्याकडून पेट्यांमधले अल्बम काढून घेतले. अकरा फोटो सापडले. बहुतेकांत नवरा-नवरी चौकाच्या बरोब्बर पुढे उभे, म्हंजे आईचं काम त्यांच्या खांद्याच्या दोन्ही बाजूंना जेवढं दिसेल तेवढं. तसेच दहा फोटो पाठवले आणि प्रत्येकाखाली लिहिलं की हे कोणाच्या घरचं लग्न, कुठला पाडा, कुठलं साल.

प्रदर्शनांच्या रकान्यात काय लिहायचं ह्यावर एक पूर्ण रात्र गेली. मी 'नाही' असं टाइप केलं होतं. आई शेजारी बसून एकेक घर आठवत होती, सुकसाळची कमळी, मग तिची नणंद, मग तलावापलीकडचं घर, तेव्हा मी 'नाही' खोडलं आणि ती यादीच टाकली. चौतीस घरं, सालवार, शेवटचं २०१९. कलाशिक्षणाच्या रकान्यात तिच्या मावशीचं नाव टाकलं. पुढे मुलाखतीत कळलं की ती यादी बघूनच आमचा अर्ज बाजूला काढला होता. म्हणून सांगते, अशा फॉर्ममध्ये 'लागू नाही' लिहू नका, आपल्याकडे जे आहे ते आपल्या शब्दांत पूर्ण लिहा. आणि दुसरं, पोस्टखाली फोन नंबर असतो तिथे फोन करा. मी विचारलं की निवेदन मराठीत चालेल का, तर त्या बाई सहज म्हणाल्या, पाठवा की. फोन केला नसता तर त्या इंग्रजीपायीच मी अर्ज सोडून दिला असता.

निवेदनात मी हे लिहिलं, की ही कला मुळात बायकांची, लग्नातली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी आमच्या भागात कागद आणि रंग घेऊन आले, त्यानंतर ती कागदावर आली आणि जगभर गेली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे, त्यांच्यामुळेच शहरातल्या माणसाला वारली हा शब्द माहिती झाला. पण भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत, आणि आज साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर वारली दिसते त्यातलं कितीतरी काम वारली नसलेले लोक करतात.

१४ सप्टेंबरला मेल आला, मुलाखतीला बोलावलंय, ५ ऑक्टोबर, ऑनलाइन पण चालेल. आम्ही प्रत्यक्ष गेलो आणि बरं झालं. पहाटेची डहाणू लोकल, जवळपास तीन तास, उतरून काळ्या घोड्याकडून चालत गेलो. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात तिथे आई बराच वेळ थांबली, एका माणसाला तिने विचारलं की तुम्ही आत का नाही लावत. तो म्हणाला, आतली तारीख मिळायला वर्षं लागतात मावशी.

मुलाखतीत पाच जण. प्रश्न इंग्रजीत, एक बाई मराठीत सांगत होत्या. 'संकल्पना काय' असं विचारल्यावर आई गप्प झाली, मला घाम फुटला, मग तिने कागद मागितला आणि पेनाने लिहायला लागली, दहा मिनिटं कोणी बोललं नाही. भाताची लावणी करणाऱ्या बायका, मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका, डोक्यावर मोळी घेऊन स्टेशनकडे जाणाऱ्या बायका, आणि खाली आडवी लोकल. जाताना खिडकीतून बघितलेलं सगळं त्यात होतं. जिला बोलायला जमत नाही तिला करून दाखवू द्या असं आपणच आधी सांगून ठेवावं, मला ते सुचलं नव्हतं.

३० ऑक्टोबरला निवड झाल्याचं कळलं. दिवाळी मस्त गेली, आणि मग सगळं थांबलं. झालं असं की इमारत हेरिटेज यादीतली. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, अशा इमारतीला बाहेरून काही करायचं तर फाइल हेरिटेज कमिटीकडे जाते. आम्हाला वाटत होतं आई भिंतीवर लिहिणार. नोव्हेंबर गेला, आमची कापणी झाली, झोडणी झाली, मी दर सोमवारी फोन करत होते आणि उत्तर एकच, फाइल गेलीये. डिसेंबरच्या मध्याला कळलं की दगडाला रंग लावायचा नाही, भोक पाडायचं नाही, कुंपणाला लागून लोखंडी फ्रेमवर सिमेंट बोर्डाचे स्वतंत्र पॅनेल उभे करायचे. आठ फूट उंच, चार फूट रुंद, बारा पॅनेल. मला आधी वाईट वाटलं, की एवढं करून आपण भिंतीच्या बाहेरच. नंतर एका तरुण आर्किटेक्टने समजावलं की तो दगड श्वास घेतो, त्यावर प्लास्टिकचा रंग मारला तर आत ओल कोंडून दगडाचे पापुद्रे निघतात. ते पटलं. आईला तर लगेच पटलं, सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर ऑइलपेंट मारला की काय होतं ते तिने बघितलंय.

आता पैसे आणि करार, हा भाग नीट वाचा. त्यांनी पहिल्यांदा सगळं मिळून २५,००० मानधन म्हटलं होतं. माझं तोंड बंद झालं होतं, पण मी लगेच हो म्हटलं नाही, चार दिवस मागितले. मग मुंबईत भिंती रंगवणाऱ्या दोघांना विचारलं, तेव्हा कळलं की हिशोब चौरस फुटावर असतो. बारा पॅनेल म्हंजे ३८४ चौरस फूट. आम्ही ३०० रुपयांनी १,१५,२०० कलाकाराची फी लावली, आईबरोबर मावशीच्या दोन सुना, त्यांचे १८ दिवस ७०० रुपयांनी २५,२००, रंग आणि ब्रश २८,०००, राहणं आणि प्रवास २२,०००, एकूण १,९०,४००. कागदावर नीट मांडून दिलं तर त्यांनी घासाघीस न करता मान्य केलं. आमच्याकडून दोन गोष्टी राहिल्या. जेवणाचा आकडा टाकलाच नाही, ते फीमधून गेलं. आणि माझं काम, म्हंजे मेल, फोन, कागद, नऊ दिवसांची बिनपगारी रजा, ह्याचा एक रुपया धरला नाही. तुम्ही धरा.

कराराचा मसुदा इंग्रजीत अकरा पानांचा आला. ओळखीच्या एका वकील ताईंनी व्हॉट्सॲपवर वाचून दिला. त्यात एक ओळ होती की चित्राचे सगळे हक्क कायमचे, सगळ्या माध्यमांसाठी संस्थेचे. ताई म्हणाल्या, हे बदलून घे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे, हक्क विकले तरी कलाकाराचा आपलं नाव लागण्याचा हक्क राहतो, पण कपावर छापून विकण्याचे पैसे कोणाचे हे करारावर ठरतं. मग बदल झाला तो असा: कॉपीराइट आईचा, संस्थेला जाहिरातीसाठी आणि नोंदीसाठी फोटो वापरायची परवानगी, दुकानात विकायची वस्तू केली तर वेगळा करार. आणखी तीन ओळी आम्ही घालून घेतल्या. फलकावर 'डहाणूच्या आदिवासी महिला' असं मोघम न लिहिता तिघींची पूर्ण नावं, मराठी आधी, इंग्रजी खाली. उद्घाटनाला आमच्याकडच्या पन्नास माणसांना बस आणि आत मोफत प्रवेश. आणि बारा महिन्यांनी पॅनेल काढले की ते आमचे, पोचवायचा खर्च त्यांचा. मागताना आवाज कापत होता खरं सांगते, पण तिन्ही मिळाल्या. सही १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाली, आता मात्र हे बघताना स्टॅम्पचा चालू दर विचारून घ्या.

ॲडव्हान्स ४० टक्के, म्हंजे ७६,१६०. पण बँक. आईचं खातं कॅम्पमध्ये उघडलेलं छोटं खातं, पूर्ण केवायसी नसलेलं, त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर चालत नाही. पूर्ण केवायसी करायला गेलो तर आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरं. पॅन कार्ड नव्हतंच, ते १०७ रुपयांत काढलं, सोळा दिवसांनी पोस्टाने आलं. पॅन नसेल तर टीडीएस, म्हंजे पैसे देतानाच कापून घेतात तो कर, २० टक्के कापतात, म्हणून त्याशिवाय बिल देऊच नका. आधार दुरुस्तीला डहाणूला तीन फेऱ्या. ज्या कोणी असा अर्ज करायचा विचार करताय त्यांनी निवडीची वाट न बघता आधार, पॅन, पासबुक ह्या तिन्हीवरचं नाव आजच एकसारखं करून घ्या, आमचे पाच आठवडे ह्यातच गेले. आणि खात्यात ७६,१६० येतील असं वाटत होतं ते ६८,५४४ आले, मी घाबरून फोन केला. १० टक्के टीडीएस कापला होता, रंग आणि प्रवासाच्या पैशांवर पण, कारण आम्ही एकच बिल दिलं होतं. रंग संस्थेलाच परस्पर घ्यायला सांगा, आणि फीचं बिल वेगळं ठेवा.

१६ जानेवारी २०२४ ला काम सुरू झालं. दादरला एका वसतिगृहात खोली घेतली. आईला गेरू आणि तांदळाचं पीठच पाहिजे होतं, आम्ही एका तुकड्यावर करून बघितलं, सिमेंट बोर्डावर दोन दिवसांत पावडर हाताला यायला लागली, वर्षभर उन्हापावसात कसं टिकणार. शेवटी बाहेरच्या भिंतीचा ॲक्रेलिक रंग, प्रायमर, वर गेरूच्या जवळचा लाल दोन हात. तो लाल जमवायला चार दुकानं झाली, आई प्रत्येक डबा बघून मान हलवायची, मग घरून गेरूचं ढेकूळ आणून दुकानदाराच्या काउंटरवर ठेवलं आणि त्याने मिसळून दिला. पांढऱ्यात पाणी घालून पीठासारखा पातळ केला तेव्हा हात वळायला लागला. बांबूची काडी ॲक्रेलिकने लगेच चिकटते, म्हणून रेघांना बारीक गोल ब्रश आणि ठिपक्यांना काडी. दोन पॅनेलच्या सांध्यावर माणसाचं अंग येऊ देऊ नका, उन्हाने बोर्ड हलतो आणि माणूस दोन तुकडे दिसतो, आमच्या एका बैलाचं तसं झालं.

संस्थेला मधोमध लग्नाचा चौक पाहिजे होता, त्यांनी पुस्तकात बघितला होता. आई म्हणाली, इथे लग्न नाही, गाणी म्हणायला धवलेरी नाही, मी आता सवाशीण नाही, चौक कोणासाठी लिहू? संस्थेच्या क्युरेटर, म्हंजे प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या, बाईंनी पुन्हा आग्रह केला नाही, त्यांनी विचारलं मग तिथे काय? आईने सातवा पॅनेल नुसता लाल ठेवला. बाकी अकरा पॅनेलवरची सगळी माणसं, लावणीच्या बायका, तारपा वाजवून करतात त्या नाचाचा गोल, लोकल, सगळे त्या मोकळ्या लालाकडे वळलेले. फलकावर मराठीत त्याचं कारण लिहिलंय, ते आईने सांगितलेल्या शब्दांत आहे.

फुटपाथवर काम केल्याने लोक थांबायचे. सकाळी झाडायला येणाऱ्या पालिकेच्या एक ताई रोज पाच मिनिटं उभ्या राहायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी म्हणाल्या, ही लावणी हाय ना, आमच्याकडं पण अशीच वाकून करतात. त्या दहा-बारा वर्षं त्याच रस्त्यावर झाडतायत आणि आत कधी गेल्या नव्हत्या.

आत जायचं म्हटलं तर आम्हालाही पहिल्या तीन दिवसांत अडवलं होतं. बाथरूम आत होतं, गेटवरचा माणूस तिकीट विचारायचा, एकदा तर आईच्या लुगड्याकडे बघून दुसरीकडे जा म्हणाला. आई पाणी प्यायची बंद झाली, मग माझ्या लक्षात आलं. मी त्याच दिवशी मेल केला, भांडण न करता, की तिघींना ओळखपत्र द्या. दुसऱ्या दिवशी मिळाली, गळ्यात अडकवायची, 'कलाकार' लिहिलेली. हे पण करारातच घालायला पाहिजे होतं: बाथरूम, पाणी, सावली, ओळखपत्र.

ओळखपत्र मिळाल्यावर आई दुपारी जेवून आत फिरायला लागली. एका काचेच्या कपाटात तारपा होता, खाली फक्त इंग्रजीत, आदिवासी वाद्य, पश्चिम भारत. आईने तिथल्या माणसाला सांगितलं की हा तारपा, हा दुधी भोपळ्याचा असतो, हे ताडाच्या पानाचं, आणि हा तुम्ही उलटा ठेवलाय. त्यांनी क्युरेटर बाईंना बोलावलं, त्या वही घेऊन आल्या आणि आई त्यांना अर्धा तास एकेक वस्तू सांगत होती. मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा तारपा सरळ होता आणि खाली मराठीत चार ओळी होत्या.

८ फेब्रुवारीला काम संपलं, १७ तारखेला, शनिवारी, उद्घाटन. बसमधून एक्केचाळीस माणसं आली, त्यातल्या बऱ्याच जणी मुंबईतच पहिल्यांदा. ज्यांच्या लग्नाचा फोटो अर्जात गेला होता त्यातल्या दोघी होत्या. भाषणं लांबली, ऊन होतं, म्हाताऱ्यांना खुर्च्या कमी पडल्या. मग सगळे फलकाजवळ गेले आणि माझ्या चुलतभावाने तिघींची नावं मोठ्याने वाचली, कारण आईसकट कित्येकींना वाचता येत नाही. त्या दिवशी सगळ्यांना प्रवेश मोफत होता, झाडणाऱ्या ताई झाडू गेटजवळ ठेवून आमच्या बायकांबरोबर आत आल्या.

शेवटचे २० टक्के लवकर आले नाहीत. बिलावर कराराचा क्रमांक नव्हता, मग काम पूर्ण झाल्याचं पत्र पाहिजे होतं, मग मार्चअखेर. २९ एप्रिलला आले. टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, आमच्या वेळी फॉर्म १६ए, मागून घ्या, आपणहून कोणी पाठवत नाही. आईचं वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेच्या आत, त्यामुळे रिटर्न भरलं की कापलेले सगळे परत मिळतात, पण ते मुदतीत भरा, आमच्या वेळी शेवटची तारीख ३१ जुलै होती. पालघरच्या एका सीएने ८०० रुपयांत भरून दिलं.

पॅनेल येत्या फेब्रुवारीत उतरतील. आश्रमशाळेच्या सरांनी लावणीचे चार मागितलेत, लोकलचा पॅनेल मावशीच्या घरी जाणार, बाकीच्यांचं अजून ठरलं नाही. आईला सातवा पाहिजे, नुसता लाल, आणि तो ती ओट्यावरच्या भिंतीला टेकवून ठेवणार आहे.